आलेख चिकटवावा की लिहावा?

पावसाळ्याचे चार महिने रायगड जिल्ह्यात आकड्यांचे असतात. कर्जत, खालापूर, माथेरान येथील पर्जन्यमापकांवरील नोंद सकाळी तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून मुंबईला जाते. सायंकाळपर्यंत ती एखाद्या टिपणात किंवा अहवालात रंगीत स्तंभांच्या रूपाने उभी राहते. हे स्तंभ पाहताना एक प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. हे चित्र नेमक्या कोणत्या आकड्यांवरून, कोणती आकडेमोड करून आणि केव्हा काढले गेले? अहवालाच्या पानावर त्याचे उत्तर बहुधा नसतेच.

याचे कारण आलेख तयार करण्याच्या रूढ पद्धतीत आहे. आकडे एका स्प्रेडशीटमध्ये भरले जातात. तेथेच माउसच्या साहाय्याने आलेख काढला जातो, त्याची प्रतिमा उचलून मजकुराच्या फाइलमध्ये चिकटवली जाते आणि शेवटी सारे काही छपाईयोग्य पानांत बसवले जाते. आकडे एका फाइलमध्ये, आकडेमोड दुसऱ्या खिडकीत आणि चित्र तिसऱ्याच ठिकाणी अशी ही तीन तोंडे तीन दिशांना असतात. दुसऱ्या दिवशी एखाद्या केंद्राची नोंद दुरुस्त होऊन आली की तक्ता बदलतो, आठवणीने मजकुरातील वाक्यही बदलले जाते, पण चिकटवलेले चित्र कालचेच राहते. त्या चित्राला आपल्या आकड्यांची काहीच खबर नसते.

ही बाब क्षुल्लक वाटेल. ती तशी का नाही, हे समजण्यासाठी कर्जत हे नावच पुरेसे आहे. महाराष्ट्रात कर्जत तालुके दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यातील, भोर घाटाच्या पायथ्याचा, जेथे वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात जातो. दुसरा पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, जो अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. राज्यभराच्या आकडेवारीतून नुसते ‘कर्जत’ हे नाव शोधून ओळी वेगळ्या काढल्या, तर दोन्ही तालुके एकाच रांगेत येऊन बसतात. त्यांची सरासरी काढली तर जो आकडा हाती येतो, तो पृथ्वीच्या पाठीवरील कोणत्याही कर्जतचा नसतो. छापलेल्या स्तंभाकडे पाहून ही गफलत ओळखणे फार अवघड आहे. मात्र आलेख काढण्याची आज्ञा लेखी स्वरूपात समोर असेल, तर तिच्यात ‘जिल्हा रायगड’ ही अट आहे की नाही, हे कोणालाही एका नजरेत दिसते.

दुसरी गोम तारखेची. भारतीय हवामान खात्याच्या प्रघातानुसार पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. सकाळी साडेआठ वाजता मापकात जे पाणी असेल, ते आधीच्या चोवीस तासांचे म्हणून मोजले जाते आणि त्या सकाळच्या तारखेखाली नोंदवले जाते. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस आपण ‘सव्वीस जुलैचा’ म्हणतो, पण तो २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांतला आहे. त्यामुळे दोन प्रामाणिक माणसांनी एकाच आकडेवारीवरून काढलेले दोन आलेख एका दिवसाने मागे-पुढे असू शकतात, आणि दोघांचेही आपापल्या परीने बरोबर असते.

एका दिवसाच्या या फरकाला खालापूर तालुक्यात अत्यंत गंभीर अर्थ आहे. १९ जुलै २०२३ रोजी रात्री अकराच्या सुमारास इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ बेपत्ता व्यक्तींचा शोध अखेर थांबवावा लागला. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते. १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत परिसरात ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याची माहिती तेव्हा विधिमंडळात देण्यात आली. आता साडेआठच्या प्रघाताने पाहिले, तर १९ तारखेच्या संध्याकाळी दरड कोसळण्यापूर्वी पडलेला पाऊस २० जुलैच्या नोंदीत जातो आणि दरड कोसळल्यानंतर पहाटेपर्यंत पडलेलाही त्याच नोंदीत मिसळतो. दरड आणि पाऊस यांचा संबंध तपासणाऱ्या कोणाही अभ्यासकाला ‘१९ जुलै’ या स्तंभात नेमके कोणते तास आहेत, हे ठाऊक असल्यावाचून एक पाऊलही पुढे टाकता येणार नाही. चिकटवलेले चित्र हे सांगू शकत नाही. ते चित्र ज्या आज्ञेतून निघाले, ती आज्ञा सांगू शकते.

तेव्हा आलेख चिकटवण्याऐवजी लिहिता येईल का? येतो, आणि ही सोय आता जुनी झाली आहे. तिचे मूळ अक्षरजुळणीच्या एका असमाधानात आहे. अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांना आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पसंत पडली नाहीत, म्हणून १९७७-७८ च्या सुमारास त्यांनी स्वतःच ‘टेक्’ ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. तिच्यात पान डोळ्यांसमोर ओढून-ताणून बसवायचे नसते. ‘हे शीर्षक, हे समीकरण, हा तक्ता’ असे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून द्यायचे, पान प्रणाली रचते. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर रचलेली ‘लाटेक’ आज गणित आणि विज्ञानाच्या जगात सर्रास वापरली जाते. १९८४ मध्ये क्नुथ यांनीच आणखी एक कल्पना मांडली. संगणकाची आज्ञावली आणि तिचे माणसांसाठीचे विवेचन एकाच फाइलमध्ये, एकाच ओघात लिहावे. त्या फाइलमधून यंत्रासाठी आज्ञावली वेगळी काढावी आणि वाचकासाठी सुबक पाने विणून घ्यावीत. ‘विणणे’ हा शब्दही त्यांचाच.

त्या शब्दाचा धागा पुढे चालू राहिला. २००२ साली व्हिएन्ना येथील संख्याशास्त्रज्ञ फ्रीडरिख लाइश यांनी ‘आर’ या संख्याशास्त्रीय भाषेसाठी ‘स्वीव्ह’ नावाचे साधन तयार केले. २०१२ मध्ये यीह्वी शिए या चिनी तरुणाने अमेरिकेत शिकत असताना त्याची सुधारित आवृत्ती ‘निटर’ या नावाने पुढे आणली. एक नाव मागावरच्या विणकामाचे, दुसरे सुयांवरच्या. काम एकच.

ते चालते कसे, हे खालापूरच्या पावसाच्या एका काल्पनिक टिपणावरून पाहू. टिपणाची फाइल म्हणजे साधा मजकूर. प्रस्तावनेची दोन वाक्ये मराठीत, त्याखाली ठरावीक खुणांच्या आत बंदिस्त केलेला आज्ञांचा तुकडा. त्या आज्ञा अशा: पावसाच्या नोंदींची फाइल वाच, जिल्हा रायगड आणि तालुका खालापूर असलेल्याच ओळी घे, प्रत्येक नोंदीची तारीख एक दिवस मागे सरकव, कारण ती सकाळी साडेआठची आहे, दररोजचा पाऊस स्तंभांनी दाखव आणि १ जूनपासूनची बेरीज रेषेने. खूण संपली की पुन्हा मजकूर. फाइल यंत्राला दिली की पहिल्या फेरीत तुकड्यातील आज्ञा चालतात, आलेख तयार होतो आणि तुकड्याच्या जागी त्या आलेखाचा संदर्भ येऊन बसतो. दुसऱ्या फेरीत लाटेक पाने रचते. आलेख, त्याचा क्रमांक, खालची ओळ आणि ‘पाहा आकृती ३’ हा मजकुरातील उल्लेख, सारे आपोआप जुळते.

याहून मोलाची सोय दिसायला छोटी आहे. वाक्याच्या मध्येही आज्ञा लिहिता येते. ‘या तीन दिवसांत एकूण इतके मिलिमीटर पाऊस झाला’ या वाक्यातील ‘इतके’च्या जागी आकडा टंकायचाच नाही, तेथे ‘तीन दिवसांची बेरीज’ अशी आज्ञा द्यायची. मग नोंद दुरुस्त होऊन आली, की फाइल पुन्हा विणायची. वाक्यातील आकडा, तक्त्यातील आकडा आणि आलेखातील स्तंभ तिन्ही एकदम बदलतात. मजकूर एक सांगतो आणि चित्र दुसरेच, हा शासकीय अहवालांत वरचेवर आढळणारा विसंवाद मग उरायला जागाच राहत नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हा विसंवाद महाग पडू शकतो. अतिवृष्टीच्या नुकसानभरपाईसाठी महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस हा निकष राज्यात लावला जातो. नेरळ, कडाव, चौक, वावोशी अशा एकेका मंडळाच्या आलेखावर ६५ ची आडवी रेषा ओढली की कोणता स्तंभ तिच्यावर गेला, याला पैशांचा अर्थ येतो. ६४.८ चा आकडा पूर्णांकात करून आलेख काढला, तर स्तंभ रेषेला टेकतो. न करता काढला, तर खाली राहतो. यातील कोणती रीत न्याय्य, हा धोरणाचा प्रश्न झाला. रीत कोणती वापरली, हे मात्र लपून राहता कामा नये. आज्ञेत ते एका शब्दात लिहिलेले असते.

आकड्यांचा आणि आलेखांचा संबंध तुटला तर काय होते, याचे सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण वैद्यकातील आहे. अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठातील एका गटाने २००६ मध्ये कर्करोगाच्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल, हे जनुकांच्या नोंदींवरून सांगण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी ती आकडेमोड पुन्हा करून पाहण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ती जुळेना. जनुकांच्या याद्या तक्त्यात एका ओळीने सरकलेल्या निघाल्या, काही ठिकाणी औषधाला दाद देणारे आणि न देणारे नमुने उलटसुलट झालेले आढळले. दरम्यान त्या पद्धतीच्या आधारे रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या होत्या. २००९ मध्ये दोघांनी आपला तपास प्रसिद्ध केला, २०१० मध्ये चाचण्या बंद पडल्या आणि २०११ मध्ये मूळ शोधनिबंध मागे घेतला गेला. या दोघांनी आपले तपासाचे अहवाल ‘स्वीव्ह’मध्येच लिहिले होते, जेणेकरून त्यांचा प्रत्येक आलेख वाचकाला स्वतःच्या संगणकावर पुन्हा काढून पाहता यावा. दुसऱ्याची आकडेमोड तपासायची, तर आपली आधी उघडी ठेवावी, ही त्यांची भूमिका मला फार मोठी वाटते.

कर्जतला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र येथे आहे आणि ‘कर्जत’ हे नाव व क्रमांक धारण करणारे भाताचे वाण कोकणातील शेतकऱ्यांना परिचित आहेत. नवा वाण जुन्यापेक्षा सरस आहे, असे म्हणण्यासाठी एका खाचराचे उत्पन्न पुरत नाही. तोच वाण अनेक खाचरांत, चिठ्ठ्या टाकल्यासारखा यादृच्छिक क्रमाने लावावा लागतो आणि खाचराखाचरांतील फरक किती, हे वजा जाता वाणांचा फरक किती उरतो, ते काढावे लागते. या शास्त्राचे भारतीय शेतीसाठीचे प्रमाण पाठ्यपुस्तक दोन मराठी माणसांनी लिहिले. विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा तो ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केला आणि कृषी महाविद्यालयांतून तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला. त्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला नुसत्या सरासरीच्या उंच-सखल स्तंभांचा आलेख अर्धवट वाटतो, आणि ते बरोबरच आहे. प्रत्येक स्तंभाच्या माथ्यावर अनिश्चिततेची उभी रेघ हवी. ही रेघ हाताने काढता येत नाही, ती आकडेमोडीतूनच यायला हवी. आकडेमोड आणि चित्र एकाच तुकड्यात असले, की ती येते.

आता या साऱ्यातील खास आपली अडचण. आलेखावर अक्षरेही असतात: अक्षांची नावे, गावे, महिने. इंग्रजी आलेखात याचा कोणी विचार करत नाही. मराठीत येथेच घोडे अडते. ‘मिलिमीटर’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी संगणकाच्या साठवणीत व्यंजनानंतर येते आणि कागदावर व्यंजनाआधी दिसायला हवी. ‘पर्जन्य’मधील रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढायला हवा. ही उलथापालथ करणारी यंत्रणा वेगळी असते, आणि आलेख काढणाऱ्या अनेक साधनांत ती बराच काळ नव्हती. पायथन भाषेतील ‘मॅटप्लॉटलिब’ हे २००३ पासूनचे अतिशय समर्थ साधन, पण त्याने काढलेल्या आलेखावर वेलांटी चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरांच्या पायाशी लोंबणारे हलन्त, हे दृश्य मराठीत आलेख काढू पाहणाऱ्यांच्या परिचयाचे आहे. परिणामी पुष्कळ मराठी अहवालांत मजकूर मराठी आणि आलेखावरील अक्षरे इंग्रजी, असा तोडगा निघाला. पानाचा मराठीपणा आलेखाच्या चौकटीशी येऊन थांबतो.

यावरचा उपाय पुन्हा अक्षरजुळणीतच आहे. आलेख दोन प्रकारे पानात आणता येतो. एक, आलेखाच्या साधनाने पूर्ण चित्र काढून द्यायचे आणि अक्षरजुळणीने ते जसेच्या तसे बसवायचे. दोन, साधनाने फक्त रेषा, बिंदू आणि ‘येथे हे अक्षर’ एवढ्या सूचना द्यायच्या आणि रेखाटनाचे व अक्षरांचे काम लाटेकने स्वतः करायचे. ‘पीजीएफप्लॉट्स’ हे लाटेकचे साधन तर आलेख थेट तिच्याच भाषेत लिहू देते, आणि आर व मॅटप्लॉटलिबमधूनही असे अर्धे काम करून पाठवण्याची सोय आहे. या दुसऱ्या मार्गाने अक्षावरील ‘पर्जन्य’ हा शब्द त्याच यंत्रणेतून जातो, जिच्यातून परिच्छेदातील शब्द जातो. टंक तोच, जाडी तीच. १९९१ मध्ये नेदरलँड्सच्या फ्रान्स वेल्थुइस यांनी टेक् प्रणालीला देवनागरी शिकवली. पुढे २००४ मध्ये जोनाथन क्यू यांच्या ‘झीटेक्’मुळे युनिकोडमधील मराठी थेट टंकता येऊ लागली. भाषा मराठी आहे असे एकदा सांगितले आणि टंकात सोय असली, की ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नव्हेत. ‘डोंगरदऱ्या’तील अर्धा ‘र’ही योग्य जागी, योग्य रूपात बसतो. आलेख रेषांच्या स्वरूपात राहत असल्याने पान कितीही मोठे करून पाहिले, तरी अक्षरे फुटत नाहीत, हा आणखी एक लाभ.

अंकांचे मात्र सांभाळावे लागते. अक्षावरील आकडे प्रणाली स्वतः काढते, ते देवनागरीत हवे असतील तर तशी वेगळी सूचना द्यावी लागते. आणि आत येणाऱ्या नोंदींमध्ये कोणी ‘६५’ असे देवनागरीत टंकले असेल, तर पायथन तो आकडा म्हणून निमूटपणे वाचते, आर मात्र तो आकडा नव्हेच असे समजून ती जागा रिकामी धरते. युनिकोडपूर्व टंकांत साठवलेल्या जुन्या तक्त्यांची तर आधी संपूर्ण रूपांतराची उस्तवार करावी लागते.

पद्धतीचे गुण गाताना तिच्या मर्यादा झाकणे बरे नव्हे. एक म्हणजे ती शिकावी लागते. माउसने पाच मिनिटांत होणाऱ्या आलेखासाठी सुरुवातीला पाच तास जातात, आणि ज्या कार्यालयात पावसाळ्यात श्वास घ्यायला फुरसत नाही, तेथे हा हिशोब कोणालाही पटणार नाही. पावसाळ्यापूर्वी एकदा सांगाडा तयार करून ठेवला, तरच तो पुढे रोज उपयोगी पडतो. दुसरी मर्यादा सुरक्षेची. स्वतःहून आज्ञा चालवणारी फाइल ही दुधारी वस्तू आहे. अनोळखी माणसाकडून आलेली अशी फाइल विणायला लावणे म्हणजे त्याला आपल्या संगणकावर मोकळीक देणे होय. म्हणूनच लाटेकमध्ये बाहेरच्या वाटेल त्या आज्ञा चालवण्याची मुभा मुळात बंद ठेवलेली असते, वापरणाऱ्याने ती जाणूनबुजून उघडावी लागते. तिसरी गोष्ट गमतीची आहे. दर वेळी सारी आकडेमोड करायला वेळ लागतो, म्हणून ‘निटर’ आधीचा निकाल साठवून ठेवण्याची सवलत देते. आज्ञा बदलली तर ते निकाल नव्याने काढते, पण आज्ञा तीच राहून तिने वाचायची फाइल बदलली असेल, तर ते सहसा त्याच्या ध्यानात येत नाही, तसे वेगळे सांगून ठेवावे लागते. म्हणजे शिळे चित्र पुढच्या दाराने घालवले, ते मागच्या दाराने परत यायला टपलेले असते. अंतिम प्रत काढण्यापूर्वी ही साठवण रिकामी करावी, हा जाणकारांचा परिपाठ आहे.

आणि आज्ञावली मापकाच्या पलीकडचे काही जाणत नाही. महसूल मंडळाचा पर्जन्यमापक सपाटीवर, रस्त्याजवळ असतो. त्याच मंडळातील वस्ती डोंगराच्या उतारावर, कितीतरी उंचावर असते, आणि सह्याद्रीत एवढ्या अंतरात पाऊस पुष्कळ बदलतो. चौकच्या मापकाचा कितीही नेमका आलेख इर्शाळगडाच्या उतारावरचा पाऊस दाखवणार नाही. फार तर टिपणाच्या फाइलमध्ये, आलेखाच्या तुकड्याच्या वरच, मापक कोठे आहे, किती उंचीवर आहे आणि ज्या वाडीविषयी आपण बोलत आहोत ती त्याच्यापासून किती दूर आहे, हे लिहून ठेवता येईल, आणि आलेखाखालच्या ओळीत ते अंतर आपोआप छापून येईल.